बंद स्टेशन, प्रमाण एकास सत्त्याऐंशी

३ मार्च
आजपासून इतिहासाची जबाबदारी मी अंगावर घेतली आहे. ब्रँच लाइनचं स्टेशन पाडून तिथे गोदाम झालं, त्याला वीस वर्षं होतील. कुणाला काही वाटत नाही. ते स्टेशन मी टेबलावर पुन्हा उभं करणार. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. वाचनालयात ऑक्टोबरमध्ये प्रदर्शन आहे, ग्रंथपालबाईंना शब्द दिला. रोज ऑफिसातून आल्यावर दोन तास. ऑगस्टअखेर काम फत्ते.
ही म्हणाली, जेवायचं टेबल मिळणार नाही.

९ मार्च
जेवायचं टेबल मिळालं. आम्ही ओट्याशी उभ्याने जेवतो. पचनाला चांगलं.

१६ मार्च, संध्या. ७
अस्सल पुरावा हाती! रद्दीच्या दुकानात त्या स्टेशनचा फोटो सापडला. छपराची कौलंसुद्धा मोजता येतात. दारात स्टेशनमास्तर उभे. घड्याळ उजव्या मनगटावर, सदऱ्याचा खिसाही उजवीकडे. त्या काळी रेल्वेत तशी पद्धत असावी. माहितीफलकावर टीप देणार. असले बारकावे अभ्यासकालाच दिसतात.

२ एप्रिल
सासरे याच स्टेशनवर एकतीस वर्षं केबिनमन होते, सिग्नलचे लिव्हर ओढायचे. आता आमच्याकडेच असतात. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले. आपलं स्टेशन एकदा डोळ्यांनी बघायचंय, एवढंच म्हणत असतात. सरप्राइज देणार होतो, पण टेबल त्यांच्याच खोलीच्या दाराशी. आज त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, जावईबापू, केबिन उजव्या हाताला होती. फोटोत स्वच्छ डावीकडे आहे. वाद घातला नाही. पिकलं पान.

९ मे
केबिनच्या नऊ खिडक्या झाल्या. दोन बोटं एकमेकांना चिकटली.
सासरे पुन्हा बोलले. पाण्याची टाकीसुद्धा म्हणे पलीकडे होती. आठवण माणसाला फसवते, फोटो फसवत नाही, हे त्यांना गोड शब्दांत समजावलं. ते रेडिओ लावून बसले. ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. हवा उष्ण आहे, त्याचा परिणाम.

३१ ऑगस्ट
काम पूर्ण. म्हणजे साधारण निम्मं. गाडी एका फेरीत दोनदाच घसरते. खऱ्या गाड्याही घसरायच्या.

४ ऑक्टोबर, दु. ४
हात दाखवून अवलक्षण.
सासऱ्यांनी चहा पिता पिता फोटो उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि मागच्या बाजूने पाहिला. मग मला बोलावलं. आरपार दिसत होतं सगळं. केबिन उजवीकडे, टाकी उजवीकडे, मास्तरांचं घड्याळ डाव्या मनगटावर. फोटोवाल्याने निगेटिव्ह उलटी ठेवून छापली होती. सात महिने खपून मी अख्खं स्टेशन उलटं बांधलं.
सासरे म्हणाले, चालायचंच, आणि माझ्यासाठी चहा सांगितला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी, संध्या. ६
उपाय सापडला! हिच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा समोर उभा करायचा. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं. प्रेक्षकांनी मॉडेलकडे पाठ करून आरशात पाहायचं. असं प्रदर्शन जगात झालं नसेल. स्टेशनच्या नावाची पाटी (फोटोत नव्हती, मी मनाने लावली होती) तेवढी आरशात उलटी दिसते, काढून टाकली.

११ ऑक्टोबर, स. १०.३०
प्रदर्शन सुरू. प्रतिसाद उत्तम. लोक आरशासमोर येतात, केस सारखे करतात, पुढे जातात. एका गृहस्थांनी दातात अडकलेलं काहीतरी काढलं. इतिहास हळूहळू मुरतो.

११ ऑक्टोबर, संध्या. ८
दुपारी ही सासऱ्यांना रिक्षातून घेऊन आली. आरशासमोर खुर्चीत बसवलं. मग म्हणाले, आता बरोबर आहे. त्यांचे हात वर गेले, समोर नसलेला लिव्हर त्यांनी दोन्ही हातांनी ओढला, आणि बोलायला लागले. चार नंबरचा लिव्हर थंडीत अडायचा, त्यावर किटलीतलं गरम पाणी ओतायचे. एका पुरात साहेब फोनवर ओरडत होता तरी यांनी गाडीला सिग्नल दिला नाही. पाऊण तासाने पूल वाहून गेला. गाडीत दोनशे माणसं होती.
हे मला माहीत नव्हतं. हिलाही नव्हतं. ही रडली. मी टेबलाखाली वायर तपासत होतो, बराच वेळ.
मग खुर्च्या कमी पडल्या. मॉडेलकडे पाठ करा असं कुणाला सांगावं लागलं नाही, सगळे आरशात सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

१२ ऑक्टोबर
अभिप्रायाच्या वहीत सत्तावीस अभिप्राय. सव्वीस सासऱ्यांबद्दल. एकात आरसा कुठून घेतला अशी विचारणा.
ही म्हणाली, काखेत कळसा. पुढचं मला माहीत आहे म्हटलं. खरं तर फार लागलं. सात महिने टेबलापासून चार पावलांवर ते बसून होते आणि मी त्यांना एक प्रश्न विचारला नाही, वर शहाणपण शिकवलं. आज सकाळी माफी मागायला गेलो. ते म्हणाले, तुम्ही बांधलंत म्हणून मला दिसलं.
ग्रंथपालबाईंचा फोन आला. दर शनिवारी बोलावलंय. सासऱ्यांना. मी आरसा आणायचा आहे, मॉडेल नसलं तरी चालेल.