जगदलपूर–रायपूर, तासाभराची रेघ

बाबा, काल पुन्हा त्याच विमानानं आले. जगदलपूरहून रायपूर, बसनं सहा-सात तास, विमानानं तासभर. तुम्हाला 'तासभर' असलं मोघम बोलणं चालायचं नाही. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात तुमची उभी हयात गाड्यांच्या रेघा ओढण्यात गेली, आडवी वेळ आणि उभं अंतर. माझी जगदलपूरला बदली झाली तेव्हा तुम्ही नकाशावर दोरा ताणलात, 'रस्त्यानं तीनशे, वरून अडीचशेच्या आत' म्हणालात, आणि रायपूरला शंकर नगरच्या घरात भिंतीवर माझ्यासाठी तसलाच चार्ट लावलात. मी विमानात बसल्याचा फोन केला की तुम्ही पेन्सिल टेकवायचात. निम्म्यापर्यंत रेघ घड्याळ बघून, पुढची मात्र मी उतरल्याची वर्दी दिल्यावरच.

"आणि फोन नाही केला तर?" मी एकदा चिडवलं.

"तं तू सेक्शनमदीच, दोन स्टेशनांच्या मदीच आहे असं समजाचं. मंग मागून दुसरी गाडी सोडता येत नाही, बाई. मलेही उठता येत नाही." तुम्ही हसत नव्हतात.

त्या दिवशी निघताना तुम्ही फोनवर बजावलंत, "थेट घरीच येजो व, पंडरीत नको थांबू." चाळिशी उलटलेली बाई हे कुठं ऐकून घेते? विमान वेळेवर उतरलं. मी फोन केला नाही, मुद्दाम पंडरीच्या कापडबाजारात गेले आणि साड्या बघत बसले. घरी आले तेव्हा तुम्ही चार्टासमोर खुर्चीत होतात, हातात पेन्सिल, अंग गार. रेघ निम्म्यावर, केशकालच्या घाटापाशी थांबली होती.

ती वाढते आहे, बाबा. दर फेरीला थोडी. कांकेर गेलं, धमतरी गेलं, काल अभनपूरच्याही पुढे आलेली दिसली. प्रत्येक गावापाशी तुम्ही पेन्सिल दाबायचात तसा बारीक ठिपकाही आहे. दादाची बायको म्हणते, "दीदी, हमने तो हाथ भी नहीं लगाया. आप ही खींचती होंगी." मी नाही ओढत. काल बोट लावून पाहिलं, तर शिशाची काळी भुकटी बोटाला लागली. विमानतळ आता नखभर राहिलाय.

मला रेघेची भीती नाही वाटत. ती टेकली की तुम्ही उठून जाल, याची वाटते. पुढच्या महिन्याचं तिकीट म्हणूनच काढलेलं नाही, बसनं येईन. हे पत्र चार्टाखाली ठेवणार होते, पण नाही ठेवत, कारण यात मी उतरल्याचं लिहिलंय.

एक राहिलं. पंडरीत असताना तुमचा फोन तीनदा आला. दुकानदार म्हणाला, "दीदी, फोन आ रहा है." तुमचं नाव मला दिसत होतं. मी म्हटलं, "बजने दो भैया, वो साड़ी दिखाओ."