ओसरीच्या भिंतीचा पायगुण

हट्टा, जि. बालाघाट
दसऱ्याचा आदला दिवस, १९६२

तीर्थस्वरूप भोजराज भाऊजींच्या पायांवर डोके ठेवून (या खेपेस जरा जास्तच वेळ ठेवून) धाकटा मेहुणा दुलीचंद याचा रामराम. चंपाताईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावे, नवा तांदूळ निघाला की पाठवतो. आमच्याकडे सर्व ठीक, असे लिहायला बसलो होतो. पण तुम्हाला आमचे सगळे कुठून ना कुठून कळतेच, म्हणून खरे लिहितो.

डोक्यावर पोती वाहून मी धानगिरणी उभी केली, हे तुम्ही जाणता. अशा माणसाला गावात भाषण करायची फार हौस असते. आषाढात मलेरियावाले घराघरांत डीडीटी मारायला आले, तेव्हा मी चावडीवर उभा राहिलो. त्यांच्या साहेबांनी सांगितले होते, की जगात दर वर्षी लाखो माणसे या तापाने मरतात आणि आता साऱ्या दुनियेतून त्याला हाकलायचे आहे. मी तेच माझे म्हणून सांगितले. "दुनियेचं दुनिया पाहीन, हट्ट्याचं आपण पाहू! दिवाळीवरी कोणी भित सारवाची नाही. औषधावर डास बसला का मेला!" आमच्या गल्लीतल्या बिचाऱ्या गोदाबाईने पोळ्याला चुलीमागची वीतभर भिंत सारवली, तर मी तिला चारचौघांत बोललो.

आणि पोळा होतो न होतो, तोच तिरोड्याचे तेजरामजी, त्यांचा मुलगा आणि मुलाचा मामा आमच्या आनंदीला पाहायला येणार, असे तुमचे पत्र आले. ओसरीत पाहतो, तर भिंतींवर डीडीटीचे पांढरे ओघळ. जणू कोणी दह्याची हंडी फेकून मारली. अशा ओसरीत मुलगी दाखवायची? बायको म्हणाली, "काहून जी, गावाले मना केलं अन् आपण सारवाचं?" मी म्हणालो, "आपली त पाहुण्यासाठी आहे." (याचा अर्थ काय, ते मलाही अजून कळलेले नाही.) दारे लावून औषधावरच शेणमातीचा जाड हात दिला, वर छुईची पांढरी माती. भिंत अशी देखणी झाली, की तेजरामजींनी मुलीआधी तिचेच कौतुक केले.

पाहुणे त्याच ओसरीत झोपले. माझे कान कसे, तुम्हाला ठाऊक. गिरणीचा पट्टा घसरला तर मी बाजारात बसून ओळखतो. तर भाऊजी, रात्रभर ओसरीतून चापटा ऐकू येत होत्या. तेजरामजींची भारी, मुलाची हलकी, आणि मामा प्रत्येक चापटीला देवाचे नाव घेत होते. घरात मच्छरदाणी होती. पण ती नेऊन देणे म्हणजे डास आहेत हे कबूल करणे. म्हणून मी घोरण्याचे सोंग केले. भाषण करणारा मीच, आणि घोरणाराही मीच.

परवा गिरणीवर तिरोड्याकडचे दोघे धान घेऊन आले. पोत्यांमागे बोलत होते. "तेजरामजीनं पोरगी पाह्यली, अन् घरात तीन खाटा पडल्या. मामाची खाट त हिवानं हालत हालत आंगणात आली म्हणते!" दुसरा म्हणाला, "पोरीचा पायगुण, दुसरं काय? ते आता नाही म्हणून राह्यले."

तिघांनाही गोळ्या चालू आहेत, जिवाला भय नाही. पण ठरत आलेला संबंध मोडतो आहे, आणि दोष आनंदीच्या पायाला. पोरीने तर त्या दिवशी फक्त चहा आणून ठेवला होता. भाऊजी, आता गोदाबाई समोरून आली, की मी गल्ली बदलतो.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मला काय द्यायचे ते तुम्हीच ठरवा.

आपला
दुलीचंद

ता. क. येताना पाहुणे एक रात्र तुमच्याकडे गोंदियाला उतरले होतेच. तेव्हा डास तुमच्याकडचा होता, एवढे तेजरामजींना सांगून टाकावे. तुमच्याकडे लग्नाची मुलगी नाही, तुमचे काय बिघडते?

ता. क. दुसरे. वरचे सांगू नये. पाकीट चिकटवायला भाताची शिते मागितली, तर ती घेऊन आलेल्या आनंदीने पत्र वाचले. चुलीपाशी आईला म्हणाली, "डास फुफाजीचा (म्हणजे तुमचा) म्हटलं, त कोण मानन? आपलाच माणूस तो. लगन झालं तरी उद्या त्यायची म्हैस आटली का माह्याच पायानं! बाबूजीनं सोता जाऊन सांगावं. मोडलं त मोडलं."

म्हणून दसरा झाला की मी तिरोड्याला निघतो. तुम्ही गोंदियाच्या स्टेशनावर मला गाठा आणि सोबत चला. एकटा गेलो, तर दाराशी उभ्या उभ्या धानाचा भाव विचारून परत येईन. मी मला ओळखतो. भिंतीचे मीच सांगेन. तुम्ही फक्त माझ्या आणि दाराच्या मध्ये बसा.