बंदुकीचा घोडा

अमरावती, आश्विन शुद्ध सप्तमी, सन १९५६

आजोबांच्या ठासणीच्या लष्करी बंदुकीचा घोडा तुटला आहे. परवा खंडेनवमी, पूजेत बंदूक अखंड असावी, म्हणून आज अकोल्याच्या भंगारवाल्याकडे गेलो होतो. त्याने दाखविलेला घोडा बाहेरून जुना, काळा. बंदुकीला बसविण्याच्या छिद्राच्या आत मात्र कानशीची ताजी चकाकी; म्हणजे नवाच घडवून वरून काळा केलेला.

"मिलिटरीचाच माल हाय, वकीलसाहेब. तुमी कावून शंका घेऊन राहिले?"

"मग आत चकाकतो कसा?"

"घासला थोडा. पूजेत कोन आत पाहून राहिलं?"

मी पाहतो. त्या चकाकीवर हळदकुंकू वाहून हात जोडणे मला जमले असते काय? मुळीच नाही. घोडा तिथेच ठेवून निघालो. नवमीला बंदूक आहे तशीच पाटावर मांडीन, आणि पहिले फूल तिच्या तुटक्या घोड्यावर वाहीन.