रेघेतली फट

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन

प्रिय शकु,

तुझ्या गुडघ्यांची चौकशी शेवटी करते, आधी अर्लीनबद्दल सांगू दे. ती कायमची आपल्या गावी परतली. न्यू मेक्सिकोतल्या झुनी आदिवासींमधली ही चित्रकार, तरुणपणी इथल्या माणसाशी लग्न करून आली आणि तो वारल्यावरही इथेच राहिली. दर गुरुवारी कम्युनिटी हॉलमध्ये मातीची भांडी रंगवायला शिकवायची. चंद्रशेखर गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून मीही जाऊ लागले.

तिचे ब्रश बघून तू हसली असतीस. फ्लॅक्स या इथल्या लांब पात्यांच्या झुडपाचं पान दातांनी चावून चावून तंतू मोकळे करायची. तिच्या आजीने गावाकडे युक्का या वाळवंटी झाडाच्या पानावर शिकवलेलं, इथे फ्लॅक्सवर भागवायची. ती भांड्यांवर रंगवायची त्या हरणांच्या तोंडापासून काळजापर्यंत एक लाल बाण असे, आणि भांड्याच्या गळ्याभोवती काळी रेघ. एकदा तिच्या एका भांड्यावर त्या रेघेत बोटभर फट दिसली. आपण रांगोळीची रेघ कधी तुटकी सोडतो का? मला वाटलं, राहून गेली असेल. घेतला ब्रश आणि दिली जोडून! अर्लीनने नखाने रंग खरवडला. मग समजावलं, ती रंगवणारीच्या आयुष्याची वाट असते, जिवंतपणी बंद करायची नसते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण गट्टी जमली ती तिथूनच. ती माझ्याकडे थालीपीठ खायला यायची. मी मराठीत बोलायचे, ती झुनीत. अर्थ कळत नसे, पण आपली भाषा तोंडात आल्याचं बरं वाटे.

मुलगा यतीन त्याच्या घरी, फ्लॅट बुश उपनगरात राहायला बोलावतोय. घर मोठं आहे, पण सगळे सकाळी मोटरवेला लागतात ते संध्याकाळी उगवतात. नात जुईला मराठीतलं सगळं समजतं आणि ती गोड हसून इंग्रजीत उत्तर देते. त्याला महिनाअखेर काय ते सांगायचंय.

निघताना अर्लीनने तेच भांडं माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "वासंती, आयुष्यभर मी प्रत्येक भांड्यावर वाट उघडी ठेवली. त्या वाटेने गेले मात्र कधीच नाही. आता जाते."

काल गुरुवार. सवयीने हॉलपर्यंत गेले आणि कुलूप बघून परतले. फार एकटं वाटतं गं. म्हणून विचारते, मीही मायदेशी परतले तर तुझी गच्चीलगतची खोली अजून रिकामी आहे का? यतीनला बोललेले नाही, आधी तुझं उत्तर येऊ दे. आणि नाही म्हणायचं असेल तर गुडघ्यांची सबब सांगू नकोस. जिने मी चढेन.

तुझीच,
वासंती