मलाही आउट करा

अण्णा, काल मी कंपनीत भांडले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लई तोंड हाय तुला." आहेच.

कंपनी म्हणजे काय ते आधी सांगते. पुण्यातली मंडळी मोबाइलवरचे खेळ बनवतात आणि ते आंधळ्यांनाही खेळता यावेत म्हणून त्यातले आवाज मी बसवते. आपल्या गावात, ढोकीतच राहून, तुमच्याच खोलीत, कानाला हेडफोन लावून. पडद्यावरचं सगळं संगणक मला वाचून दाखवतो. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जातात तेव्हा मात्र काम थांबवून, कपाळाला हात लावून बसावं लागतं. सध्याच्या खेळात एक बंद पडलेला कारखाना आहे आणि तिथं एक राखणदार फिरतो. पावलांवरून तो कुठं आहे ते ओळखायचं, दबकत मागून जायचं आणि त्याला शिवायचं. शिवलं की तो आउट. त्यानं आधी वळून आपल्याला धरलं की आपण आउट. त्याच्या चालीवर मी चार महिने घालवलेत. सिमेंटवर ती वेगळी वाजते, पत्र्यावर वेगळी, वळताना वेगळी.

आणि काल ऑनलाइन मीटिंगमध्ये आमचा प्रमुख सांगतो, आंधळा खेळाडू असला की राखणदार त्याला धरणारच नाही, अशी सोय केली आहे. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, स्वभावानं गोड मुलगा. "ताई, त्यांना त्रास नको म्हणून केलं," म्हणाला. माझं डोकंच फिरलं. बोलत तो होता, पण मला ऐकू येत होतात तुम्ही.

मी नऊ वर्षांची आहे. शाळेला सुट्टी, गल्लीत शिवणापाणी रंगलंय. पैंजणांवरून, धापांवरून मी पोरींना हुडकतेय, आणि तुम्ही ओट्यावरून ओरडता, "तिला कच्चा लिंबू ठिवा गं! तिच्यावर राज्य द्यायचं न्हाय." झालं. त्या दिवसापासून मला कुणी शिवेना, मी शिवलं तरी ते कुणी धरेना. मी पळाले काय आणि उभी राहिले काय, सारखंच. एकदा हट्टानं राज्य घेतलं, धावले, आणि उभ्या ट्रॉलीवर कपाळ फोडून घेतलं. तुम्ही उचललंत आणि रक्त पुसता पुसता झापलंत, "डोळं न्हाईत, तर गप एका जागी बसायला काय हुतंय?" ती खूण अजून बोटाला लागते. पण जखमेपेक्षा तुमचं ते बोलणं जास्त दुखलं, अण्णा. अजून दुखतं.

आणि त्याच महिन्यात तुम्ही मला तुमच्याबरोबर साखर कारखान्यात नेलंत. तुम्ही तिथं फिटर. चालू पंपाजवळ मला उभं करून लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवलंत आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडावर. "ऐक. ह्यो चांगला हाय." मग दुसरा पंप. तिसऱ्याला मी म्हणाले, "अण्णा, ह्याच्यात वाळू रगडल्यावानी वाजतंय." तुम्ही स्वतः ऐकलंत आणि जोडीदाराला हाक मारलीत, "बंद करून खोल ह्यो. व्हय, माझ्या पोरीनं सांगितलंय." बेअरिंग खरंच गेलेलं होतं. घरी येताना तो पेचकस तुम्ही मलाच देऊन टाकलात. आत्ताही टेबलावर आहे. माझं आजचं सगळं काम त्या दिवशी सुरू झालं, हे मी कुणापुढंही कबूल करीन. पण मग विचारतेच. एवढ्या मोठ्या पंपाच्या बाबतीत माझ्या कानावर भरवसा ठेवलात, तर गल्लीतल्या चार पोरींच्या खेळात का नाही ठेवलात? तुम्ही होतात तोवर हे विचारायची हिंमत झाली नाही.

काल झाली. "हे असंच जाणार असेल तर माझे आवाज काढा आणि मलाही काढा," मी म्हणाले. "ज्या खेळात मी हरूच शकत नाही, तो मला खेळायचा नाही." ही नोकरी गेली तर गावात बसून दुसरी मिळायची नाही, हे ठाऊक होतं. तरी मागं हटले नाही. त्याला म्हटलं, "आता पडदा बंद कर आणि खेळ." तो खेळला. नऊ वेळा धरला गेला. दहाव्यांदा त्यानं राखणदाराला शिवलं आणि असा ओरडला की मला हेडफोन काढावा लागला. "हेच तू आमच्याकडून काढून घेत होतास," मी सांगितलं. शेवटी ठरलं की सोपा खेळ ज्याला हवा त्यानं निवडावा, डोळस असो की आंधळा. पण आंधळा म्हणून कुणाला आपोआप सोडायचं नाही.

एक गोष्ट मात्र मी तिथं कुणाला सांगितलेली नाही. मोटारसायकलवरून पडल्यापासून तुमचा डावा पाय ओढायचा. चप्पल फरशीवर घासायची आणि मग उजवं पाऊल ठाम पडायचं. राखणदाराला मी तीच चाल दिली आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी आठवणीतून अचूक बसली. हे पत्रही आता त्याच आवाजांच्या फोल्डरमध्ये ठेवून देते. वळण्याआधी तो क्षणभर थांबतो, तेव्हाच शिवायचं, असं मी सगळ्यांना शिकवते. मला तर ते झोपेतही जमेल. पण मी खेळायला बसले की तो हातभर अंतरावर येतो, थांबतो, आणि माझा हात उठत नाही. इतकं भांडले, अण्णा, आणि तुम्हाला मात्र मीच कच्चा लिंबू ठेवलंय.