अण्णा, तुमचा चिखल अमेरिकेतही आहे

प्रिय अण्णा,

उद्या माझा एम.ए.चा प्रकल्प नगरला कॉलेजात जमा करायचा आहे. सगळा छापून झालाय, फक्त अर्पणाचं पान कोरं आहे. त्यावर दोन ओळी लिहायला सकाळी बसले आणि तुम्हाला पत्रच लिहू लागले. तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, सगळे कागद मीच वाचून दाखवायचे. हेही मोठ्याने वाचेन. ऐका.

बी.ए.चा फॉर्म आठवतो? मी विचारलं होतं, वडिलांचा व्यवसाय काय लिहू? तुम्ही पायावरचा वाळलेला चिखल खरवडत म्हणालात, "मजुरी लिव." मी म्हटलं, गवंडी लिहिते. तुम्ही हसलात. "गवंडी शिमिटाचा आसतो. मी चिखल्या."

आणि मी मजुरी लिहिलं! तुमचा शब्द मोडायचा नव्हता, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला लाज वाटली होती.

गावात अर्ध्याहून जास्त माळवदं तुमच्या हातची. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर फळ्या आणि पाला, त्यावर चिखल, आणि सगळ्यात वर मातीचा सपाट थर. मग स्लॅब आले आणि तुम्हाला कोणी बोलवेना. मिरजगावच्या बाजारात लोक तुम्हाला हाक मारायचे, काय चिखल्या, आता काय तुडवतो? तुम्ही हसून पुढे जायचात. का हसायचात, अण्णा? एकदा तरी उलटून बोलायचं होतं!

तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी बोलायचं ठरवलं. त्याला कारण एक फोटो.

अमेरिकेतल्या मूळ लोकांची कला आणि वास्तू हा आम्हाला विषय होता. मायांचे पिरॅमिड झाले, इंका लोकांच्या दगडी भिंती झाल्या. शेवटी सरांनी न्यू मेक्सिकोतल्या ताओस या गावाचा फोटो दाखवला आणि लगेच पुढे सरकवला. मी म्हटलं, सर, मागे घ्या. अण्णा, ते माळवद होतं! मातीची घरं, एकावर एक रचलेली, सपाट धाबी. भिंतीतून तुळयांची टोकं बाहेर आलेली. पाणी जायला पन्हळसुद्धा! वर जायला शिडी. तिथले पुएब्लो लोक शेकडो वर्षं त्या घरांना नव्या चिखलाचा हात देत आलेत. बाहेरून आलेल्यांनी त्यांची जमीन घेतली, त्यांना मागासलेले म्हटलं, तरी त्यांनी भिंती लिंपणं सोडलं नाही. आज जगभरातून लोक ती घरं बघायला जातात.

मी सरांना म्हटलं, मला यावर आणि आमच्या गावच्या माळवदांवर लिहायचंय. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, वास्तुकला म्हणजे दगड. मातीचं काय लिहिणार तू?" वर्ग हसला. मी हसले नाही. म्हटलं, माझे वडील माळवदं बांधायचे, मातीचंच लिहीन.

इतकं ऐटीत बोलून घरी आले, तर दादा आपलं घर पाडून स्लॅबचं बांधायला निघालेला! त्याचंही खोटं नव्हतं. तुम्ही गेल्यापासून वर माती घालायला कोणी चढलं नव्हतं आणि दोन्ही खण गळत होते. मी भांडले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "तायडे, यंदा परतीच्या पावसात गळलं न्हाई तर ठिवू. गळलं तर दिवाळीला जेसीबी."

मी एकटीने आपल्या रानातली माती आणली. चांगली काळीभोर, जिचं तुम्ही कौतुक करायचात ती. चार दिवस पाट्या वाहून अख्खं माळवद झाकलं. वळवाचा पाऊस झाला आणि आठवड्यात वर गवत उगवलं. ऊन पडल्यावर बोटभर भेगा गेल्या. पुढच्या सरीला आईच्या चुलीवर धार! दादा खालून ओरडला, "हरभरा पेरायचा ऱ्हायला का गं?"

तुमच्यावर राग आहे तो इथे. मी शिडीला हात लावला की तुम्ही ओरडायचात, तू पुस्तक धर. धरलं. पुएब्लोंच्या भिंतीत काय असतं ते मी परीक्षेत लिहू शकते, पण बापाच्या माळवदावर कोणती माती घालतात ते मला ठाऊक नव्हतं. दोन्ही शिकवायला काय झालं होतं, अण्णा?

मग मी तुमच्या जोडीदाराकडे, बशीरचाचांकडे गेले. तुमच्याबरोबर उभा जन्म चिखल तुडवलेला माणूस. आता गुडघे धरलेत, तरी आले. मी वरून आणून दिलेली माती चिमटीत घेतली आणि कपाळाला हात लावला. "पोरी, काळी पेरायची आसती. पांगरायची ती पांढरी." मला म्हणाले, ही वाक्यं तुझ्या बापाची हायेत, माझी न्हाईत.

त्यांनी खाली खाटेवरून सांगितलं, मी वर केलं. काळी सगळी खरवडून रानात परत टाकली. पडक्या गढीची पांढरी माती आणली, चाळली, अंथरली, लाकडी धुमसाने ठोकली. पन्हळीकडे उतार दिला. मी वर घागर ओतायची आणि पन्हळीतून पाणी कसं पडतं ते चाचा खालून बघायचे. दोनदा चुकले, दोनदा उकरायला लावलं. तिसऱ्यांदा चाचा एवढंच म्हणाले, "चिखल्याची हायेस खरी."

अण्णा, तोच शब्द. पण त्या दिवशी मला तो पदवीसारखा वाटला.

परतीचा पाऊस यंदा तीन दिवस हटला नाही. दादा भांडी मांडून बसला होता. एकाही भांड्यात टिपका पडला नाही. चौथ्या दिवशी त्याने भांडी आत नेऊन ठेवली, आणि स्लॅब गोठ्याशेजारच्या मोकळ्या जागेत घालू म्हणाला. घर उभं आहे. आई अजून त्याच चुलीवर भाकरी करते.

सरांनी प्रकल्प वाचला. पहिल्या प्रकरणात ताओस आहे, दुसऱ्यात आपलं गाव. ते म्हणाले, मजकूर चांगला आहे, फक्त 'चिखल्या' हा शब्द काढ, 'पारंपरिक कारागीर' कर. मी नाही म्हटलं.

आता अर्पणाच्या पानावर काय लिहायचं ते मला सुचलंय. 'माझे वडील, माळवदांचे गवंडी. गाव त्यांना चिखल्या म्हणायचं.' बस.

शब्द देते, अण्णा. दरवर्षी मृगाच्या आधी पांढरीच्या पाट्या मी वर नेईन. लग्न होऊन कुठेही गेले तरी त्या आठवड्यात इथे असेन. आणि जी पोरगी शिडीला हात लावेल, तिला वर घेईन. पुस्तकासकट.

तुमची,
सुनंदा, बी.ए.
चिखल्याची लेक