स्पीकरांची हजेरी

१७ मे, रविवार

दिसले! तिन्ही स्पीकर लॅपटॉपवरच्या यादीत आहेत – स्वयंपाकघर, हॉल, बाबांची खोली. प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा ठिपका. कपाटासमोर फतकल मारून मी एकटीच टाळ्या वाजवत बसले. आई डोकावली. "काय झालं?" वाजतंय म्हटलं. "बरं, मग जेवायला ये," म्हणाली आणि गेली. या बाईला कशाचं म्हणून नवल नाही.

सामान काही फार नाही. माझा जुना लॅपटॉप, पडदा तडकलेला, तो चादरींच्या कपाटात मधल्या कप्प्यात ठेवलाय. त्याच्या पोटात बाबांच्या सगळ्या कॅसेटी आहेत. हिवाळाभर मी रोज एक वाजवून आत भरत होते. कॅसेटी दुकानातल्या नव्हेत. बाबा बस डेपोत वेळापत्रकं करायचे. पाळी संपली की ड्रायव्हर-मेकॅनिक गोळा करून तिथेच गात बसायचे. शब्द बाबांचे, चाल बाबांची, पुढचा आवाजही बाबांचाच. आता लॅपटॉप हाच घरचा सर्व्हर. तो गाणं सोडतो, वायफायवरून ते स्पीकरपर्यंत जातं आणि घरभर डेपो गातो!

हा सगळा खटाटोप बाबांसाठीच. हिवाळ्याच्या सुरुवातीला पक्षाघात झाला. आता चालतात, जेवतात, आपण बोललेलं सगळं समजतं, पण शब्द बाहेर येत नाही. एकही नाही. थेरपिस्टबाई म्हणाल्या होत्या, "बोलणं अडलं तरी गाणं कधी कधी वाट काढतं. पाठ असलेली गाणी कानावर पडू देत." पाठ असलेली? बाई, इथे त्यांची स्वतःची आहेत.

१८ मे, सोमवार

गेले. तिन्हीच्या तिन्ही!

चष्म्याच्या दुकानातून काम आटपून आले तर घर चिडीचूप. यादी उघडली – "एकही उपकरण सापडले नाही". "गेले परत!" असं इतक्या जोरात ओरडले की आई पिठाच्या हातांनी धावत आली. "कोण गेलं?" स्पीकर म्हटल्यावर जे काही पुटपुटली ते इथे लिहीत नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला, सगळे परत आले. पंधरा-वीस मिनिटं बरी गेली असतील, आणि ऐन कडव्यात पुन्हा सामसूम.

२० मे, बुधवार

चोर सापडला असं वाटलं होतं. आईने लॅपटॉपच्या डोक्यावर चादरींची चळत रचली होती! "तुझं ते गरम असतं. चादरींना ओल धरत नाही," म्हणे. म्हणजे मी सर्व्हर बांधला आणि हिने त्याची इस्त्री केली. तापून बंद पडत असणार, दुसरं काय. चादरी खाली, लॅपटॉप वर, खाली दोन लाकडी पट्ट्या, वारा खेळता.

छान गार झाला. गार डोक्याने स्पीकर घालवले. संध्याकाळभरात कितीदा "गेले परत!" म्हणून ओरडले असेन त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी धावत कपाटाशी, सगळं बंद, सगळं चालू. पण काय सांगू, मजा येते आहे! दिवसभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासायच्या, त्यात कोडं कुठलं? नंबर लिहूनच आलेला असतो. इथे रोज नवा संशयित.

२१ मे, गुरुवार

फजिती. थेरपिस्टबाई आलेल्या, बाबांच्या शेजारी बसलेल्या, वाऱ्याचं गाणं लागलेलं. "उघड खिडकी, बघ आली–" आणि खटकन बंद. मी ओरडतच पळाले. कपाटात डोकं घालून सगळं पुन्हा जागेवर आणलं, परत आले तर आई आणि बाई एकमेकींकडे बघून हसताहेत. बाबासुद्धा. माझं हसं झालं, दुसरं काय! वर बाई निघताना म्हणाल्या, "छान चाललंय. हे असंच चालू ठेवा." काय चालू ठेवा? बंद पडणं? चांगल्या घरातली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, हेच खरं.

पुढच्या गुरुवारपर्यंत हे मी सरळ करणार. बाबांचं गाणं मध्येच तुटता कामा नये. माणूस आधीच अर्ध्यावर अडलाय, त्यात गाणंही अर्ध्यावर सोडायचं म्हणजे त्याला चिडवल्यासारखंच की.

२३ मे, शनिवार

शेवटी तारवाल्याला फोन. हा माझा मावसभाऊ. ऑफिसांमधली नेटवर्कं जोडत फिरतो, म्हणून घरात तारवाला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला.

"ताई, स्पीकर बंद पडतात, की तुझ्या सर्व्हरला दिसत नाहीत?"

"दोन्ही एकच ना?"

"शेजारी गावाला गेला आणि शेजारी दार उघडत नाही, हे एकच का? पुढच्या वेळी गेले की सर्व्हरला हात लावू नकोस. मोबाइलवरून थेट स्पीकरवर गाणं लाव."

लावलं. वाजलं!! सर्व्हर म्हणतोय एकही नाही, आणि बाबांच्या खोलीतला स्पीकर मोबाइलवरून खणखणीत वाजतोय. म्हणजे हे बिचारे जागच्या जागी आहेत, आणि मी आठवडाभर त्यांनाच शिव्या घालतेय. आनंदाने झोपच येईना.

२४ मे, रविवार

मिळालं! मिळालं! मिळालं!

नीट लिहून ठेवते, पुन्हा विसरेन. सर्व्हर अधूनमधून घरभर हाक मारतो, "कोण कोण आहे?" स्पीकर म्हणतात, "मी आहे." शाळेतली हजेरी. ही हाक जाते राउटरमधून, आणि आपला राउटर नवा, शिस्तीचा. तो म्हणतो, हाक सगळ्यांना कशाला द्यायची? ज्यांना हवी त्यांचीच नावं मी टिपून ठेवतो. ठेवतो खरा, पण थोड्या वेळाने ती नावं पुसूनही टाकतो आणि पुन्हा कुणाला विचारत नाही. मग सर्व्हर घसा फोडून हाका मारतो, त्या स्पीकरपर्यंत पोचतच नाहीत. उत्तर नाही म्हटल्यावर सर्व्हर सगळ्यांना गैरहजर धरतो आणि गाणं तिथल्या तिथे थांबवतो. लॅपटॉप बंद करून चालू केला की नावं नव्याने लिहिली जातात, म्हणून थोडा वेळ बरं चालायचं!

उपाय काय, तर राउटरमधल्या एका चौकोनातली बरोबरची खूण काढायची. एक खूण! तारवाला म्हणाला, "काखेत कळसा, ताई." म्हणू दे. आज मला कुणीही काहीही म्हणावं.

दुपारभर अखंड वाजलं. स्वयंपाकघरात आईचा हात धरून एक गिरकी घेतली. ती कांदा चिरत होती, सुरी हातात, तरी फिरली. मग थांबून तिने विचारलं, "म्हणजे आता मध्ये बंद पडणार नाही?"

"कधीच नाही."

"हं," म्हणाली आणि पुन्हा कांद्याकडे वळली. कौतुक करायला हिला काय होतं, देव जाणे.

२६ मे, मंगळवार

एकदाही गेले नाहीत. दुकानात नंबर तपासायला आलेल्या एका आजोबांना हजेरीची सगळी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मला फक्त वाचायला दिसलं पाहिजे."

बाबा खिडकीशी बसून असतात. अगदी शांत. गाणी ऐकून मन स्थिर झालं असावं.

२८ मे, गुरुवार

आज अक्षराकडे बघायचं नाही.

बाई आल्या. मी ऐटीत गाणी लावली. एक संपलं, दुसरं संपलं. बाई बाबांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग आईला म्हणाल्या, "आज म्हणत नाहीयेत?"

आई म्हणाली, "चार दिवस झाले, चकार सूर नाही. हिनं ते मधेच थांबवणं सोडलं ना."

मी विचारलं, कोण काय म्हणत नाही?

"अगं, पुढची ओळ. तू गाणं तोडायचीस ना, की हे तिथून पुढे हळूच म्हणायचे. पहिल्यांदा नुसता सूर यायचा. मग शब्द यायला लागले."

बाबा? शब्द? आणि मी कुठे होते? कपाटात! प्रत्येक वेळी कपाटात डोकं घालून! मी सगळं चालू करून येईपर्यंत सर्व्हर गायला लागलेला असायचा आणि बाबा गप्प झालेले असायचे.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला काय सांगायचं? तूच तर करत होतीस. मला वाटलं, बाईंनी सांगितलेला उपचार आहे. तू ओरडून इशाराही द्यायचीस, की आता तोडलंय म्हणून."

बाईंनाही तसंच वाटलं होतं. त्यांना वाटलं, मुलगी हुशार, स्वतःच्या डोक्याने करतेय. ओळखीची ओळ अर्धी सोडली की पुरी करायला माणसाचं मन धावतं, अशीच पद्धत आहे म्हणे त्यांच्यात. आम्ही तिघीही हसायला लागलो. मला हसता हसता रडू आलं ते थांबेचना. बाबांनी उठून स्वतः मला पाण्याचा पेला आणून दिला.

संध्याकाळ

तारवाल्याला फोन करून राउटरमधली ती खूण परत घालायची म्हटलं. तो म्हणाला, "लोक मला बिघाड काढायला बोलावतात, ताई." सगळं सांगितलं तसा म्हणाला, "काकांना सांग, बिघाडाची गॅरंटी माझी."

खूण परत घातली. पण चार दिवसांत त्यांची सवय मोडली असेल तर? भीती वाटते आहे, उगाच लपवत नाही.

३० मे, शनिवार

काल काही नाही. गाणं तुटलं की बाबा नुसते स्पीकरकडे बघायचे. मी कपाटाकडे गेले नाही, त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून राहिले. फार जड गेलं! पाय आपोआप उठायचे.

आणि आज! "उघड खिडकी, बघ आली–" खटकन बंद. मी पलंगाची कड धरून. बाबांनी मान किंचित तिरकी केली, डेपोतल्या फोटोत आहे तशी, आणि –

"वाऱ्याची स्वारी."

जाडसर, घोगरा आवाज, पण सूर पक्का. वर पुढची ओळसुद्धा – "उडाले कागद, उडाली टोपी सारी." माझ्या बाबांचा आवाज! सगळा हिवाळा आणि अख्खा उन्हाळा गेला त्याची वाट बघण्यात. मी ऐकला. या कानांनी ऐकला.

बाईंना लगेच फोन. त्यांना आनंद झाला, पण म्हणाल्या, "गाणं ही एक वाट झाली. साधं बोलणं वेगळ्या वाटेनं येतं, आणि येईलच असं मी म्हणणार नाही. मागे लागू नका." नाही लागणार. मला एवढंही पुष्कळ आहे, असं मनाला सांगून पाहिलं. पुष्कळ नाही. मला बाबांनी हाक मारायला हवी आहे.

३१ मे, रविवार

पाच गाणी तुटली, पाचही पुरी केली! आई म्हणते, तुझ्या मशीनपेक्षा यांची हजेरी बरी.

२ जून, मंगळवार

सकाळी कपाटापाशी धुतलेल्या चादरी लावत होते. गाणं तुटलं. मी तिथेच उभी राहून पुढच्या ओळीची वाट पाहिली. आली नाही. बराच वेळ काहीच नाही. मग बाबांच्या खोलीतून – चाल नाही, सूर नाही, अगदी माझ्यासारखं घर डोक्यावर घेऊन –

"गेले परत!"